रन नाऊ दाबलं की मराठी, रात्री प्रश्नचिन्हं: एका द्राक्ष पॅकहाऊसमधल्या पावत्यांचं प्रकरण

## पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात निर्यातीची द्राक्षं भरणारं एक पॅकहाऊस आहे. त्याचं नाव, नेमकं ठिकाण आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे काढले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

हंगाम जानेवारीत तापू लागतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. सकाळपासून क्रेट येत राहतात. थॉमसन असते, सोनाका असते, काळ्यात शरद सीडलेस असते. वजन, छाननी, प्री-कूलिंग, कोल्ड स्टोरेज आणि मग कंटेनर न्हावा शेव्याकडे रवाना. या सगळ्या धावपळीतून बागायतदाराच्या हातात उरते ती फक्त पावती: नाव, गाव, वाण, क्रेट, निव्वळ वजन, छाननीतली घट, दर, रक्कम. पैसे बुडवून पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी या पट्ट्यात नवीन नाहीत. त्यामुळे शेतकरी पावती अक्षर न् अक्षर वाचतो.

या पावत्या जावात लिहिलेला एक जुना प्रोग्राम तयार करतो. रात्री साडेदहाला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम, त्याला सुरू करतो. प्रत्येक गावासाठी देवनागरी नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि त्यात त्या गावच्या प्रत्येक बागायतदाराची पीडीएफ, फाइलला नाव बागायतदाराच्या कोड नंबरचं. सकाळी ऑफिसातल्या ताई एकेक फोल्डर उघडून त्या त्या गावच्या प्रतिनिधीला व्हॉट्सॲपवर पाठवतात. पुढे प्रतिनिधी ज्याची पावती त्याला देतो.

आधी हे सगळं ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका संगणकावर चालायचं. त्यावर डेस्कटॉपवाली उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) होती आणि कोणीतरी इन्स्टॉल करताना भाषा, देश वगैरे नीट निवडलेले होते. डिसेंबरात, हंगामाच्या तोंडावर, सगळा पसारा भाड्याच्या सर्व्हरवर हलवला. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच दुसरा प्रकार) होती, तीही अगदी कमीत कमी गोष्टी घातलेली. प्रोग्राम जावा ११ वर चालणारा, म्हणून जावाची तीच आवृत्ती वेगळी आणून ठेवली. हे काम पुण्यात राहणाऱ्या प्रोग्रामरने आपल्या लिनक्स लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आज्ञा चालवायच्या सोयीने, केलं. प्रोग्राम हाताने चालवून पाहिला, पावत्या स्वच्छ मराठीत आल्या, काम झालं म्हणून तो मोकळा झाला.

ताईंना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची सवय नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. म्हणून सर्व्हरवर वेबमिन बसवलं. १९९७ पासून चालत आलेलं, पर्लमध्ये लिहिलेलं हे साधन ब्राउझरमधून १०००० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं. क्रॉन, वापरकर्ते, फायली, सर्व्हिसेस असं सगळं त्यात बटणांवर येतं. हे पोर्ट फक्त ऑफिसच्या इंटरनेट पत्त्यावरूनच दिसेल अशी फायरवॉलची सोय होती, तेवढं डिसेंबरात चांगलं झालं होतं.

## अडचण

हंगामाच्या पहिल्या खऱ्या रात्री पावत्या निघाल्या. आकडे बरोबर, बेरजा बरोबर, पण जिथे देवनागरी हवी तिथे प्रश्नचिन्हांच्या रांगा. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, गावाच्या जागी प्रश्नचिन्हं, वाणाच्या जागीही तीच. फोल्डरांची नावंसुद्धा प्रश्नचिन्हांचीच.

पॅकहाऊसचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी एकच विचारलं: "नावच वाचता येत नसेल, तर ही पावती कोणाची म्हणायची?"

ताईंनी त्या सकाळी कोड नंबरांच्या रजिस्टरवरून एकेक पावती जुळवून पाठवली. रोज असं करणं अशक्य होतं.

## मी येण्याआधी काय काय झालं

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. यातला प्रत्येक उपाय सुचवणाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, आणि प्रत्येकाचा परिणाम लोकांना सत्यापासून जरा आणखी लांब घेऊन गेला.

सुरुवातीला फॉन्टवर संशय गेला. तो लगेच निवळला: फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं येत नाहीत. प्रश्नचिन्ह आलं म्हणजे लिहिणाऱ्याने अक्षर फेकून देऊन त्या जागी ते ठेवलं आहे. प्रोग्रामरने हे फोनवरच ओळखलं आणि निदानही योग्य केलं: रात्री चालणाऱ्या प्रोग्रामला लँग हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे सुरू होताना सोबत मिळणारी भाषा आणि अक्षरांबद्दलची नोंद, मिळत नाही. जावा ११ आपली अक्षरसंकेतन पद्धत (अक्षरं आकड्यांत साठवायची रीत) या व्हेरिएबलवरून ठरवतं. ते नसेल तर साधी इंग्रजी आस्की धरतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह करून टाकतं.

निदान बरोबर होतं. आता ते व्हेरिएबल ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता.

"बॅशआरसी फाइलमध्ये टाका, ताई," असं ठरलं. माणूस टर्मिनल उघडतो तेव्हा वाचली जाणारी ही सेटिंगची फाइल. ताईंनी वेबमिनच्या फाइल मॅनेजरमधून त्या वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरातली फाइल उघडली आणि ओळ जोडली. रात्री पुन्हा प्रश्नचिन्हं. क्रॉन आपली कामं साध्या शेलमधून, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवतो. तो शेल ना लॉगिनचा असतो ना समोर बसलेल्या माणसाचा, त्यामुळे बॅशआरसी वाचली जातच नाही. शिवाय डेबियनच्या तयार बॅशआरसीत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिरा.

मग योग्य जागा सापडली, आणि हातातून निसटली. वेबमिनच्या शेड्यूल्ड क्रॉन जॉब्स या पानावर नवीन काम टाकायच्या दुव्याजवळच नवीन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल टाकायचीही सोय आहे. कोणत्या वापरकर्त्यासाठी, नाव काय, किंमत काय, आणि यादीत वर टाकायचं की खाली, असं तो फॉर्म विचारतो. ताईंनी लँग भरलं आणि खाली टाकलं. नवीन नोंद शेवटी करायची, ही हिशोबाच्या वहीची सवय. पण क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, व्हेरिएबलची ओळ फक्त तिच्या खालच्या कामांना लागू होते. पावतीचं काम वर होतं, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही. रात्री पुन्हा तेच. सगळ्यांनी निष्कर्ष काढला की क्रॉनच्या फॉर्मने काही होत नाही. ओळ तिथेच राहिली, आणि बरोबर पर्याय यादीतून बाद झाला.

त्यानंतर ओळखीतल्या एका हार्डवेअरवाल्याने वेबमिनच्या स्वतःच्या सेटिंगमधलं ऑपरेटिंग सिस्टिम अँड एन्व्हायर्न्मेंट हे पान शोधलं. नावातच एन्व्हायर्न्मेंट आहे, आणि तिथे जादा व्हेरिएबल्स भरायची जागाही आहे. लँग तिथे भरलं. मग क्रॉनच्या पानावर जाऊन पावतीच्या कामातलं रन नाऊ बटण दाबलं. पावत्या सुरेख मराठीत! आप्पांनी चहा मागवला.

रात्री साडेदहाला पुन्हा प्रश्नचिन्हं.

या प्रकरणातलं सगळ्यात फसवं वळण हेच. त्या पानावर भरलेली व्हेरिएबल्स वेबमिनची स्वतःची असतात आणि वेबमिन ज्या आज्ञा सुरू करतं त्यांना मिळतात. रन नाऊ दाबल्यावर काम वेबमिन सुरू करतं, क्रॉन नाही. त्यामुळे चाचणी खरी होती, फक्त ती वेगळ्याच गोष्टीची होती. त्या पानाचा दोष नाही; वेबमिनला एखाद्या वेगळ्या ठिकाणच्या आज्ञा सापडाव्यात म्हणून ते पान उपयोगी आहे.

शेवटी प्रोग्रामरने वैतागून क्रॉनमधल्या आज्ञेतच जावाला सांगितलं की फायलींतला मजकूर यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरीही सामावणाऱ्या संकेतनात, लिही. त्या रात्री पावत्यांमधली नावं मराठीत आली. सगळे निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी ओझरच्या एका बागायतदाराच्या फोनवर वणीच्या बागायतदाराची पावती गेली, दर आणि रकमेसकट.

## खरी धोक्याची जागा

मला बोलावलं ते या गोंधळानंतर. लोकांना वाटत होतं ताईंची निवडताना चूक झाली. फोल्डर पाहिले आणि उलगडा झाला.

जावा ११ मध्ये फाइलमधला मजकूर आणि फाइलचं नाव यांचं संकेतन वेगवेगळं ठरतं. आज्ञेत दिलेल्या सूचनेने मजकूर सुधारला, नावांसाठी मात्र जावा अजूनही लोकेलकडेच, म्हणजे लँगसारख्या व्हेरिएबल्सनी ठरणाऱ्या भाषा-देशाच्या सेटिंगकडेच, बघत होतं. त्यामुळे फोल्डरांची नावं अजून प्रश्नचिन्हांचीच होती, एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. ओझर म्हणजे ओ, झ, र, अशी तीन चिन्हं. वणी म्हणजे व, ण आणि दीर्घ वेलांटी, अशीही तीनच. दोन्ही गावांचा फोल्डर एकच झाला: तीन प्रश्नचिन्हं. चांदवड आणि मोहाडी यांची चिन्हं मोजली तर दोन्हीकडे सहा भरतात, म्हणून तीही गावं एकत्र झाली. निफाड पाच चिन्हांचं. त्याच्या जोडीला कोणी नव्हतं म्हणून ते वाचलं.

आधीच्या रात्रींमध्येही ही सरमिसळ होतच होती. पण तेव्हा पावतीतलं नावच वाचता येत नव्हतं, म्हणून ताई प्रत्येक पावती रजिस्टरशी ताडून पाहत होत्या आणि चूक बाहेर जात नव्हती. मजकूर सुधारल्यावर त्यांनी फोल्डरमधली पहिली पीडीएफ उघडली, गाव ओझर दिसलं, आणि पूर्ण फोल्डर ओझरला पाठवला. अर्ध्या दुरुस्तीने हाताने होणारी ती तपासणी बंद पाडली. पूर्ण बिघाड असता तर हे घडलं नसतं.

पहिला निर्णय त्यामुळे तांत्रिक नव्हता. मूळ दुरुस्ती होईपर्यंत पावत्या बाहेर पाठवणं थांबवायचं का? आप्पांचं म्हणणं होतं की एक दिवस पावती गेली नाही तर शेतकरी गेटवर येतील. माझं म्हणणं, दुसऱ्याची पावती गेली तर येतील आणि भांडतील. मधला मार्ग निघाला: त्या दिवशी प्रतिनिधींना फोन करून सांगायचं की पावत्या संध्याकाळपर्यंत मिळतील, आणि ज्या चार गावांची सरमिसळ झाली होती तिथे आप्पांनी स्वतः बोलायचं. ते काम त्यांनी केलं. माझ्या कामापेक्षा ते अवघड होतं.

## चार दारं, चार वातावरणं

उपाय निवडण्याआधी एकच गोष्ट पाहायची होती: प्रोग्राम कोणत्या दाराने सुरू झाला तर त्याच्यासोबत काय काय येतं. वापरकर्ता चारही वेळा तोच होता.

एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल वापरकर्त्याचं असतं असं आपण बोलताना म्हणतो, पण सिस्टिमच्या दृष्टीने ते प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या एकेका प्रोग्रामचं, असतं. प्रोसेस जन्माला येताना तिला सुरू करणाऱ्याकडून एक प्रत मिळते. घरून निघताना बांधून दिलेल्या शिदोरीसारखी ती असते. नंतर घरी काहीही शिजलं तरी वाटेवरच्या माणसाला त्यातलं काही मिळत नाही.

म्हणून प्रत्येक दाराने एक साधी आज्ञा चालवून तिला मिळालेली सगळी व्हेरिएबल्स वेगवेगळ्या फायलींत उतरवून घेतली. क्रॉनसाठी तात्पुरतं काम टाकलं, काही मिनिटांनी चालेल असं. रन नाऊसाठी तेच काम बटणाने चालवलं. वेबमिनच्या टर्मिनलमधून एकदा, आणि प्रोग्रामरला सांगून त्याच्या लॅपटॉपवरून एसएसएचने एकदा.

क्रॉनची फाइल अगदी उघडीबोडकी होती. घरचा फोल्डर, वापरकर्त्याचं नाव, साधा शेल, आणि पाथमध्ये, म्हणजे आज्ञा जिथे शोधायच्या त्या यादीत, फक्त दोन ठिकाणं. लँग नाही. डेबियनमध्ये क्रॉन पॅमच्या (लॉगिन सांभाळणाऱ्या सोयीच्या) मार्गाने सिस्टिमच्या मूळ लोकेलची फाइल वाचतो खरा, पण या सर्व्हरवर ती फाइल रिकामी होती. जुन्या संगणकावर ती भरलेली होती. म्हणूनच तिथे इतकी वर्षं कोणाला काही जाणवलं नाही.

रन नाऊमध्ये लँग होतं, कारण ते वेबमिनच्या पानावर भरलेलं होतं.

एसएसएचची फाइल पाहून मात्र प्रोग्रामर फोनवर थोडा वेळ गप्पच झाला. तिथेही लँग होतं, पण सर्व्हरवर कोणी भरलेलं नव्हतं. ते त्याच्या लॅपटॉपवरून आलं होतं. डेबियन आणि उबुंटूवरचा एसएसएच लँग आणि एलसीने सुरू होणारी व्हेरिएबल्स आपोआप पुढे पाठवतो, आणि डेबियनचा सर्व्हर ती आपोआप स्वीकारतो. डिसेंबरातली चाचणी पास झाली ती पुण्यातल्या लॅपटॉपच्या जोरावर.

ज्यांच्याकडे वेबमिनऐवजी कॉकपिट आहे त्यांच्यासाठी एक सूचना. ९०९० पोर्टवर चालणारं ते साधन तुम्हाला खऱ्या वापरकर्त्याच्या लॉगिनमध्ये नेतं, त्यामुळे त्याच्या टर्मिनलमधलं वातावरण लॉगिनसारखं असतं. क्रॉनला त्याचाही उपयोग नाही. दार वेगळं, एवढंच.

## तोलून पाहिलेले पर्याय

सिस्टिमभर लोकेल भरणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. डेबियनचा क्रॉन प्रत्येक कामाच्या वेळी ती फाइल नव्याने वाचतो, म्हणजे रात्रीच फरक पडला असता. मी तो एकटा पुरेसा मानला नाही. याच सर्व्हरवर वजनकाट्याच्या फायली उचलणाऱ्या काही छोट्या स्क्रिप्टही (आज्ञांच्या फायली) होत्या. त्या महिन्याचं नाव घालून फाइल तयार करत होत्या आणि याद्या क्रमाने लावत होत्या. लोकेल बदललं की महिन्यांची नावं आणि क्रम लावायची पद्धत दोन्ही बदलू शकतात. हंगामाच्या मध्यावर सगळ्यांचं वातावरण एकदम बदलायचं म्हणजे एक रोग बरा करताना दुसरा अंगावर घेणं.

इथे एक छोटा वादही झाला. हार्डवेअरवाल्याचं म्हणणं होतं की पावत्या मराठी आहेत, म्हणजे लोकेल मराठी, भारत असंच हवं. वरवर पटणारं म्हणणं आहे, पण आपल्याला हवी होती फक्त अक्षरं नीट लिहिण्याची पद्धत. तारखा, महिने, क्रम यांचे मराठी नियम कोणी मागितलेच नव्हते. मराठी लोकेल घेतलं असतं तर महिन्याचं नाव देवनागरीत आलं असतं आणि वजनकाट्याच्या स्क्रिप्ट गडबडल्या असत्या. त्याऐवजी सी डॉट यूटीएफ-८ हे लोकेल पुरेसं होतं: वागणूक साधी, फक्त संकेतन यूटीएफ-८. डेबियनमध्ये ते वेगळं तयारही करावं लागत नाही.

जावाची आवृत्ती वाढवणं हाही पर्याय होता. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून मजकुराचं मूळ संकेतन लोकेल काहीही असलं तरी यूटीएफ-८ च धरलं जातं. पण फायलींच्या नावांसाठी तिथेही लोकेलच पाहिलं जातं, म्हणजे ओझर-वणीचा घोळ तसाच राहिला असता. शिवाय हंगामात जावा बदलायची हिंमत कोणी करू नये.

जावाला स्वतःचं असं एक व्हेरिएबल आहे, ज्यात पर्याय लिहून ठेवले की कुठूनही सुरू होणारं जावा ते उचलतं. ते मी सुचवलं नाही. असं व्हेरिएबल उचललं की जावा प्रत्येक वेळी तसं एका ओळीत जाहीर करतं, आणि क्रॉन कामाने छापलेली प्रत्येक ओळ मेल करतो. रोज रात्री बिनकामाची मेल आली की ज्या रात्री कामाची येईल ती कोणी उघडत नाही.

राहिले दोन. क्रॉनच्या फॉर्ममध्ये व्हेरिएबल टाकायचं, या वेळी वरच्या बाजूला. किंवा पावतीसाठी एक छोटी सुरुवातीची स्क्रिप्ट लिहायची, जी स्वतःच आपलं वातावरण लावून घेईल आणि मगच जावाला हाक मारेल.

क्रॉनचा फॉर्म ताईंना दिसतो, समजतो, आणि बदलता येतो. ही त्याची मोठी जमेची बाजू. पण मग रन नाऊ, एसएसएच आणि क्रॉन या तीन दारांनी तीन वेगळ्या पावत्या निघण्याची शक्यता कायम राहते. उद्या कोणी यादीचा क्रम बदलला, किंवा काम दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर हलवलं, तर पहिल्यापासून सुरुवात. स्क्रिप्टमध्ये हे नसतं. ती कोणत्याही दाराने चालवा, वातावरण तेच.

## काय केलं

स्क्रिप्ट निवडली. तिच्यात सगळ्यात आधी एलसी-ऑल हे व्हेरिएबल सी डॉट यूटीएफ-८ वर लावलं. लँगऐवजी ते निवडलं कारण ते बाकी सगळ्या लोकेल व्हेरिएबल्सवर मात करतं. एसएसएचने कोणाच्या लॅपटॉपवरून काहीही आलं तरी फरक पडू नये, हा हेतू.

पाथ पूर्णपणे लिहून काढला. इथे एक खाचखळगा सांगायलाच हवा. प्रोग्रामरच्या डोक्यात क्रॉनच्या फॉर्ममध्येच "जुना पाथ, अधिक जावाचा फोल्डर" असं डॉलरचं चिन्ह वापरून लिहायचं होतं, जसं आपण शेलमध्ये लिहितो. क्रॉनटॅब अशी उकल करत नाही. डॉलर आणि नाव तसंच्या तसं पाथमध्ये जाऊन बसलं असतं. मग जावा सापडलं असतं, पण फाइल कॉपी करायची साधी आज्ञा सापडली नसती.

वेळेचा विभागही स्क्रिप्टमध्येच आशिया/कोलकाता असा लावला, कारण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, होतं आणि पावतीवर संध्याकाळचे पाच छापले जात होते. क्रॉनमध्ये कामाची वेळ मात्र यूटीसीप्रमाणे १७:०० च ठेवली. डेबियनच्या क्रॉनटॅबमध्ये वेळेच्या विभागाचं व्हेरिएबल भरलं तर कामाला दिसणारी वेळ बदलते, काम सुरू व्हायची वेळ बदलत नाही. त्या ओळीच्या वर ताईंसाठी मराठीत शेरा लिहिला: आपली रात्रीची साडेदहा.

त्यानंतर स्क्रिप्ट सिस्टिमला विचारते की सध्या संकेतन कोणतं चालू आहे. उत्तर यूटीएफ-८ नसेल तर ती एकही पावती न बनवता थांबते आणि एक ओळ छापून बाहेर पडते. ती ओळ क्रॉन मेलने पाठवतो. क्रॉनच्या फॉर्ममध्ये आता एकच व्हेरिएबल आहे, सगळ्यात वर: मेल कुणाला जायचं ते. आधी या मेली सर्व्हरवरच्याच एका पेटीत पडून राहत होत्या. वेबमिनच्या रीड युझर मेल पानावर गेलो तर डिसेंबरपासूनचा ढीग निघाला.

एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची गुप्त चावीही याच वेळी हलवली. ती क्रॉनच्या आज्ञेतच लिहिलेली होती, म्हणजे ज्याला क्रॉनचं पान दिसतं त्याला चावी दिसते. आता ती वेगळ्या फाइलमध्ये आहे, फक्त त्या एका वापरकर्त्याला वाचता येईल अशी, आणि स्क्रिप्ट ती तिथून उचलते. जुनी चावी रद्द करून नवी घेतली. या पायरीला आप्पांनी कुरकुर केली, पण केली.

वेबमिनच्या पानावर भरलेलं लँग काढून टाकलं. बॅशआरसीतली ओळ काढली. क्रॉनच्या यादीच्या तळाशी राहिलेली ओळही काढली. यात हार्डवेअरवाला नाराज झाला: चालतंय ते कशाला काढता? रन नाऊची चाचणी पुन्हा फसवू नये एवढ्यासाठी ते काढणं मला गरजेचं वाटलं.

चाचणी रन नाऊने घेतली नाही. त्याच कामाची एक प्रत काही मिनिटांनी चालेल अशी क्रॉनमध्ये टाकली, चाचणीसाठी वेगळ्या फोल्डरात लिहिणारी. ओझर आणि वणी वेगळे निघाले. चांदवड आणि मोहाडीही.

## परिणाम

त्या रात्रीच्या पावत्या बरोबर निघाल्या, फोल्डरांना आपापली नावं मिळाली, आणि सकाळी ताईंनी रजिस्टर न उघडता सगळं पाठवलं. मागच्या रात्रींच्या पावत्या पुन्हा काढल्या. ज्या दोन जोड्यांमध्ये सरमिसळ झाली होती तिथल्या जुन्या पावत्या रद्द केल्याचं प्रतिनिधींना कळवलं. दुसऱ्याचा दर कळल्यामुळे ओझरच्या एका बागायतदाराने आप्पांशी दरावरून घासाघीस केली ती वेगळीच. त्याला सर्व्हरवरून काही उपाय करता आला नाही.

हंगामात पुढे एकदा स्क्रिप्ट थांबली, मेल आली, आणि कारण वेगळंच निघालं: डिस्क भरली होती. संकेतनाच्या तपासणीनंतर डिस्कची तपासणीही तिथेच घालून ठेवली होती, ती उपयोगी पडली.

## वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरातच जुन्या संगणकावरचं वातावरण उतरवून घेतलं असतं तर बहुतेक गोष्टी घडल्या नसत्या. स्थलांतर म्हणजे फायली हलवणं असं सगळे धरतात. जुन्या मशीनवर ज्या दाराने काम चालतं त्याच दाराने व्हेरिएबल्सची यादी छापायची, नव्यावरही तशीच छापायची, आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. याला अर्धा तास लागतो.

क्रॉनच्या फॉर्ममध्ये खाली टाकलेल्या ओळीचा प्रसंग मला सगळ्यात जास्त खटकतो. उपाय योग्य होता, चाचणीही खऱ्या दाराने, म्हणजे रात्रीच्या क्रॉननेच, झाली होती. चुकली ती फक्त जागा. पण अपयश आलं की माणूस पूर्ण पर्यायच मोडीत काढतो. तेव्हा कोणी क्रॉनमधून व्हेरिएबल्स छापून पाहिली असती, तर ओळ पोचलीच नाही हे लगेच दिसलं असतं. पुढचा रन नाऊचा फेरा आणि ओझर-वणीचा गोंधळ दोन्ही टळले असते.

मजकुराची अर्धी दुरुस्ती करायची की नाही, यावर माझं आणि प्रोग्रामरचं आजही एकमत नाही. त्याचं म्हणणं, शेतकऱ्याला निदान नाव वाचता आलं. माझं म्हणणं, अर्धं सुधारलेलं बाहेर पाठवण्याआधी फोल्डरांची संख्या गावांच्या संख्येशी ताडून पाहायला हवी होती. ताईंनी आता ते रोजच्या कामात घेतलंय: सकाळी आधी फोल्डर मोजायचे, मग पाठवायचे.

फोल्डरांना देवनागरी नावं ठेवायचीच कशाला, इंग्रजी कोड ठेवा, हा सल्लाही मिळाला. तांत्रिकदृष्ट्या तो सुरक्षित आहे. पण ताईंना सकाळी सहा वाजता चहाच्या कपाशेजारी गावाचं नाव दिसलं की काम पटकन होतं, आणि ते नाव नीट लिहिणं हे सर्व्हरचं काम आहे. म्हणून नावं मराठीतच राहिली.

जावाची आवृत्ती बदलायचा विषय ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पहिला माल यायच्या आधीच्या रिकाम्या काळात घ्यायचं ठरलंय. तेव्हाही सुरुवातीची स्क्रिप्ट तशीच राहील, फक्त जावाचा फोल्डर बदलेल.